शेवटच्या रांगेतला हात

फ्यूजकाकांचं खरं नाव कंपनीत फारसं कुणाला ठाऊक नव्हतं. पगाराच्या दिवशी ते पुकारलं जायचं तेव्हा खुद्द काकाच आधी मागे वळून बघायचे, हा कोण बुवा, म्हणून.

'फ्यूज' हे नाव नटमंडळींनी त्यांना रागाने दिलं आणि पुढे लाडाने वापरलं. प्रयोग संपला, प्रेक्षक पांगले की काका नाट्यगृहाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एक फेरी मारायचे, "मेन पाडतोय" असं एकदाच, अगदी सभ्य आवाजात सांगायचे, आणि जिन्याखालच्या लोखंडी पेटीचा दांडा खाली ओढायचे. मग मेकअपच्या खोलीत कुणाची अर्धी मिशी गालावर असो की कुणाचा अंबाडा हातात असो, सगळा अंधार. राजाचं काम करणारे एक गृहस्थ एकदा एका पायात मोजडी आणि दुसऱ्या पायात चप्पल घालून घरी पोचले. सकाळी बायकोने विचारलं, "काय हो, अर्धं राज्य हरलात वाटतं?"

काकांनी शिव्या खाल्ल्या, पण दांडा ओढायचं सोडलं नाही. ज्या मिस्त्रींच्या हाताखाली ते शिकले, त्यांनी कुठल्याशा गावी कपड्यांच्या खोलीत विसरलेली इस्त्री आणि तिच्यापायी जळालेला पडदा पाहिला होता. माणसं नसलेल्या इमारतीत वीज ठेवायची नाही, एवढा एकच धडा मिस्त्रींनी दिला. काकांनी तो पडदा पाहिलेला नव्हता, पण त्याचा जळका वास जन्मभर त्यांच्या नाकात होता.

त्यांचं काम आवाजाचं. डाव्या विंगेत टेपचं मशीन, शेजारी टांगलेला पत्रा. पत्रा हलवला की ढग गडगडले, टेप सोडली की पाऊस पडला, घोडे दौडले, बाळ रडलं. आणि या सगळ्या गडगडाटातून एका बाईंचा आवाज प्रेक्षकांपर्यंत न्यायचा, हे खरं काम. त्या कंपनीच्या प्रमुख नटी. सगळे त्यांना नुसतं 'बाई' म्हणत. बाकीच्यांना आडनावं लागत.

बाईंची एक पद्धत होती. प्रयोगाआधी थिएटर रिकामं असताना त्या स्वतः शेवटच्या रांगेत जाऊन उभ्या राहत. रंगमंचावर त्यांच्या जागी कुणालाही उभं करून त्यांची वाक्यं बोलायला लावत, आणि काकांना पाऊस सोडायला सांगत. मशीनवरची सुई काय दाखवते ते बाईंच्या लेखी कवडीमोल. तिथे, मागे, पावसातून शब्द नीट ऐकू आला की त्या उजवा हात वर करत. हात वर आला की काका मशीनच्या बटणाखाली खडूची खूण करत. हात वर आला नाही तर पुन्हा पहिल्यापासून. एकदा काकांनी वैतागून म्हटलं होतं की बाई, सुई बरोब्बर जागेवर आहे. बाई मागूनच म्हणाल्या, "मग तिकीट सुईलाच विका."

ते दिवस सरले. कंपनी मोडली. थिएटरच्या खालच्या भागात आता लाकडी फर्निचरचं गोदाम आहे. प्रेक्षकांच्या जागी कपाटं उभी असतात, प्रेक्षकांपेक्षा शांत. वरची संगीताची खोली मात्र मालकांनी जुन्या ओळखीखातर कंपनीच्या उरल्यासुरल्या सामानासाठी राहू दिली. तिथे एका पोलादी कपाटात टेपची सगळी रिळं आहेत, कोपऱ्यात राजाचं सिंहासन आहे, आणि रोज दुपारी जेवण झाल्यावर येऊन बसणारे फ्यूजकाका आहेत. जुन्या टेप मशीनवर लावायच्या, त्यांचा आवाज कॉम्प्युटरमध्ये उतरवून घ्यायचा, तो जपून ठेवायचा, हे त्यांनी स्वतःहून अंगावर घेतलेलं काम. घरी बसून ते तरी काय करणार? तिथेही ते फ्रिज बंद करत फिरायचे.

जपून ठेवायचा म्हणजे कुठे, हा प्रश्न त्यांच्या भाच्याने सोडवला. परदेशी जाण्याआधी एक दिवस बसून त्याने कॉम्प्युटरमध्ये एक नवा ड्राइव्ह लावून दिला. "मामा, हा दिसतो इथे, पण असतो तिथे, क्लाउडवर. यात टाकलेली फाइल दुसऱ्या गावचा माणूसही उघडू शकतो." काकांनी त्याचं नाव पोटमाळा ठेवलं. सामान वर चढवायचं, खालची खोली मोकळी. सुरुवातीला त्यांनी लहानसहान तुकडे चढवले. पाऊस, घोडे, तिसऱ्या घंटेनंतरची सूचना. ते बाईंच्या मुलीने तिच्या गावी ऐकले आणि छान आल्याचं कळवलं. काकांचा पोटमाळ्यावर विश्वास बसला.

बाई आता मुलीकडे असत. घशाच्या ऑपरेशनने त्यांचा आवाज गेला होता. ज्यांच्या शब्दफेकीचं नाव होतं, त्या बाई आता पाटीवर लिहून बोलायच्या. आणि उपचारांच्या औषधांनी कानही मंद होत चालले होते. दर महिन्याला थोडे जास्त. एकदा त्यांनी पाटीवर लिहिलं आणि मुलीने ते काकांना फोनवर वाचून दाखवलं. आयुष्यभर शेवटच्या रांगेत उभी राहिले, पण तेव्हा रंगमंचावर दुसरं कुणीतरी असायचं. मी स्वतःला शेवटच्या रांगेतून कधी ऐकलं नाही. ऐकू येतंय तोवर एकदा ऐकेन म्हणते.

काकांनी कपाट उपसलं. बाईंच्या गाजलेल्या नाटकाचं एकच संपूर्ण रीळ निघालं, तेही सादळलेलं. टेप चिकट झाली होती. मशीनवर लावली तेव्हा वाजता वाजताच तिचा तपकिरी थर भुग्यासारखा गळून पडत होता. काका श्वास रोखून बसले. तिन्ही अंक कॉम्प्युटरमध्ये उतरले, आणि रीळ पुन्हा उलगडून पाहिलं तर हातात नुसती पारदर्शक पट्टी. त्यातून पलीकडची खिडकी दिसत होती. म्हणजे ती टेप जगात शेवटची वाजून झाली होती. आता बाईंचा आवाज होता तो फक्त त्या एका फाइलमध्ये.

ती फाइल अवाढव्य होती. तुकडे करून चढवा, असं मुलीने सुचवलं. काका म्हणाले, अंकाच्या मधोमध कात्री लावायला मी शिंपी नव्हे. त्यांनी ती आख्खी फाइल आपल्या डिस्कवरून उचलली आणि पोटमाळ्यावर टाकली. हिरवी पट्टी या टोकापासून त्या टोकापर्यंत धावली. कपातला चहा निवायच्या आत काम फत्ते. काकांनी फोन करून "चढवलं" असं कळवलं, फेरी मारली, मेन पाडला आणि शीळ घालत घरी गेले.

दुसऱ्या दिवशी मुलीचा फोन. काका, काही नाहीये इथे.

इथून जो गोंधळ सुरू झाला, तो एखाद्या फार्सच्या दुसऱ्या अंकात शोभला असता. काका पोटमाळा उघडून बघत. फाइल डोळ्यांसमोर. क्लिक केली की बाई बोलायला लागत. मुलगी तिच्याकडे तोच फोल्डर उघडे. पाऊस होता, घोडे होते, बाई नव्हत्या. काकांना वाटलं पोरीचा कॉम्प्युटर बिघडलाय. मुलीला वाटलं काकांचं वय झालंय. दोघंही हे एकमेकांना सांगत नसत, पण बोलण्याच्या सुरातून ते कळायचंच. दर दिवशी काका दुपारी येत, फाइल आहे याची खात्री करत, आणखी एकदोन टेप उतरवून त्याही पोटमाळ्यावर टाकत आणि संध्याकाळी मेन पाडून जात. मध्ये एकदा बाईंनी पाटीवर लिहून कळवलं, "भांडू नका. ऐकवा."

मग एका दुपारी कॉम्प्युटरने वेगळंच सांगितलं. तुमच्या डिस्कवर जागा उरलेली नाही. काका चक्रावले. सगळं सामान ते वर टाकत होते, तर खालची खोली भरली कशी? पडद्यावर एक बटण होतं, तात्पुरत्या फाइली साफ करा, असं सांगणारं. बटण तसं दिसायला निरुपद्रवी. काकांनी चष्मा सारखा केला, माउस त्यावर नेला, आणि तेवढ्यात सुनेचा फोन आला. चहाबरोबरच्या खाण्याचा डबा घरीच विसरलात, घेऊन येते.

काकांची सून दवाखान्यात एक्सरे विभागात होती. तिला कॉम्प्युटरमधलं फार कळत होतं असं नाही, पण गावोगावच्या डॉक्टरांना एक्सरे पाठवायचे आणि तिकडचा माणूस 'मिळाला' म्हणेपर्यंत पेशंटला सोडायचं नाही, एवढी अद्दल तिला चांगली घडलेली होती. डबा टेबलावर ठेवून तिने सगळं ऐकून घेतलं. काकांनी पुरावा म्हणून फाइल वाजवूनही दाखवली.

"बघ. आहे की नाही? पोटमाळ्यावरून वाजतेय."

सून टेबलाखाली वाकली आणि इंटरनेटची वायर उपटून काढली. "आता वाजवा."

काकांनी वाजवली. बाई बोलत होत्या. एक शब्द इकडचा तिकडे नाही.

"वायर निघाली तरी वाजतेय म्हणजे ती वर नाही, बाबा. इथेच आहे." सुनेने वायर पुन्हा लावली आणि खुर्ची ओढून बसली. बराच वेळ ती इकडे तिकडे उघडून बघत राहिली. भाच्याने लावून दिलेल्या त्या ड्राइव्हची एक बारीकशी खिडकी कोपऱ्यात दडलेली होती, ती तिला सापडली. त्यात फाइलींची भलीमोठी रांग लागलेली, आणि प्रत्येकीपुढे 'प्रतीक्षेत'.

"कॅश तुंबलीय तुमची," ती म्हणाली.

"कसली कॅश? इथे चहाचे पैसे मी उधार ठेवतो."

"ती नव्हे हो. तुम्ही पोटमाळ्यावर टाकता ना, ते थेट वर जात नाही. आधी इथल्याच डिस्कवर एका कोपऱ्यात उतरतं, आणि मग तिथून सावकाश वर चढतं. त्या कोपऱ्याला कॅश म्हणतात. हिरवी पट्टी भरते ती इथल्या इथे. वर जायला तासन्‌तास लागतात."

काकांना ते क्षणात समजलं, कारण ते जन्मभर त्याच कोपऱ्यात उभे होते. "म्हणजे विंग," ते म्हणाले. "मेकअपच्या खोलीतून निघाला, रंगमंचावर आला नाही. मला दिसतो, प्रेक्षकांना दिसत नाही."

"हां, तसंच."

"आणि मी प्रेक्षकांशी भांडतोय, की अहो आलाय, मी बघतोय ना."

सून हसली, पण कामातून डोकं वर न काढता. ती आता त्या कोपऱ्याचा पत्ता शोधत होती. सापडला तो तात्पुरत्या फाइलींच्या फोल्डरात. तिने विचारलं, मघाशी जागा संपल्याचं आलं होतं, तेव्हा साफसफाईचं काही दाबलं नाहीत ना? काकांनी नाही म्हटलं. आणि मग म्हणाले की बोट बटणावर होतं. तुझा फोन आला म्हणून उचललं.

मूळ फाइल काकांनी उचलून वर टाकली होती, म्हणजे ती जागची गेलेली. रिळातून तर खिडकी दिसत होती. ते बटण दाबलं गेलं असतं तर बाई विंगेतल्या विंगेत नाहीशा झाल्या असत्या. काका सिंहासनावर जाऊन बसले. त्यांना तिथे बसायची सवय नव्हती.

सुनेने पर्समधून दवाखान्याचा पेनड्राइव्ह काढला, आधी फाइलची एक प्रत त्यावर घेतली, आणि ती आपल्या लॅपटॉपवर लावून सुरुवात, मध्य आणि शेवट ऐकून बघितला. मग म्हणाली, हा पेनड्राइव्ह आपण सोमवारी कुरियरने पाठवून देऊ. काका म्हणाले, कुरियरही पाठव, पण वर का चढत नाही ते आधी मला कळू दे. मी उद्या आणखी टेप चढवणार आहे.

"रांग आहे म्हणजे चढायला तर हवी होती. इतके दिवस झाले," सून म्हणाली. "मध्येच काही बंद पडतंय का? कॉम्प्युटर रात्री चालू असतो ना?"

काकांनी चष्मा काढून पुसायला घेतला.

तिने मान वर करून सासऱ्यांकडे बघितलं, मग दारातून जिन्याच्या दिशेने बघितलं, आणि तिच्या चेहऱ्यावर हळूहळू उजेड पडला. "बाबा. मेन."

झालं होतं ते असं. लहान तुकडे संध्याकाळच्या आत वर पोचत. ही धिप्पाड फाइल दुपारी चढायला लागे, अर्ध्या जिन्यात येई, आणि काका दांडा ओढत. दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्या पायरीपासून. मागच्या सगळ्या फाइली तिच्या पाठीशी खोळंबलेल्या. म्हणून डिस्क भरली, म्हणून मुलीला काही दिसेना. बाईंना रोज संध्याकाळी विंगेतून परत मेकअपच्या खोलीत पाठवणारा माणूस दुसरातिसरा कुणी नव्हता.

"सोपं आहे," सून म्हणाली. "एक रात्र चालू ठेवा."

"इमारतीत माणूस नसताना?"

"बाबा, एक कॉम्प्युटर आहे तो. इस्त्री नव्हे."

काकांनी मान हलवली ती आडवी. सून त्या घरात पुष्कळ वर्षं नांदलेली. फ्रिजच्या लढाईत ती जिंकली होती, पण ही लढाई वेगळी आहे हे तिला कळलं. तिने वाद घातला नाही. रविवारी दवाखाना बंद असतो, म्हणाली. उजाडताच येऊ. संध्याकाळपर्यंत इमारतीत दोन माणसं असतील.

रविवारी सकाळी काकांनी दांडा वर ढकलला तेव्हा रस्ता झाडणाऱ्या बाईशिवाय बाहेर कुणी नव्हतं. सुनेने रांगेतल्या बाकीच्या फाइली थांबवून ठेवल्या आणि बाईंना एकट्यांनाच पुढे सोडलं. त्यानंतर करण्यासारखं काहीच नव्हतं. ती सिंहासनावर पाय वर घेऊन बसली, तिथेच जेवली आणि तिथेच पेंगली. काका त्या बारीक खिडकीसमोर बसून राहिले. एंट्रीची वाट बघत विंगेत उभं राहायची त्यांना सवय होती. त्यांनी तेवढ्यात कपाटातली रिळं पुसून काढली, पण नवी टेप लावली नाही. रंगमंच अडवायचा नाही.

दुपारी गोदामाचा माणूस वर आला. खाली ट्यूब बदलायची होती. "काका, जरा मेन पाडता का? तुमचं आवडतं काम आहे म्हणून मुद्दाम तुम्हालाच सांगायला आलो."

"आज मेन पडणार नाही," काका म्हणाले.

गोदामवाल्याने आधी काकांकडे आणि मग सुनेकडे बघितलं. सुनेने झोपेतच हाताने त्याला जायची खूण केली. तो खाली जाऊन सगळ्यांना काय सांगत होता ते जिन्यात ऐकू येत होतं, आणि त्यावर कुणाचाच विश्वास बसत नव्हता.

ऊन खिडकीतून सरकून भिंतीवर गेलं, भिंतीवरून नाहीसं झालं. अखेर फाइलीपुढचा 'प्रतीक्षेत' हा शब्द गेला आणि तिथे बरोबरची खूण आली. सून उठली, लॅपटॉप आवरला, पदर सारखा केला. "झालं, बाबा. चला."

काका हलले नाहीत. "ही सुई आहे," ते म्हणाले. "हात कुठे वर आलाय?"

इतके दिवस आपलं काय चुकलं ते त्यांना त्या बारीक खिडकीसमोर बसल्या बसल्या पुरतं उमगलं होतं. जन्मभर त्यांनी स्वतःच्या मशीनवरच्या सुईवर कधी भरवसा ठेवला नाही. बाईंनी ठेवू दिला नाही. आणि इथे एका हिरव्या पट्टीने सांगितलं आणि ते शीळ घालत घरी गेले. त्यांनी मुलीला फोन लावला. ती म्हणाली, दिसतेय काका, फाइल दिसतेय, उतरवून घेते, थांबा. मग बराच वेळ काहीच नाही. मग व्हिडिओवर फोन.

पडद्यावर एक लांबलचक खोली होती. अलीकडे, मोबाइलजवळ, स्पीकर. आणि पार पलीकडच्या टोकाला भिंतीला टेकून ठेवलेल्या खुर्चीवर बाई. खुर्ची तिकडेच हवी, असा हट्ट त्यांनीच धरल्याचं मुलीने हळूच सांगितलं. काकांनी मान डोलावली. शेवटची रांग.

आधी पत्रा गडगडला. काकांचाच. मग पाऊस आला. मग पावसातून बाईंचा आवाज आला, तेव्हाचा, भरदार. खोलीच्या टोकाला बसलेल्या म्हाताऱ्या बाई जराशा पुढे झुकल्या. त्यांनी हात उचलला, पण वर नाही. तळवा जमिनीकडे करून दोनदा खाली दाबला.

"काय म्हणतायत?" सुनेने विचारलं.

"पाऊस कमी कर म्हणतायत," काका म्हणाले. "जास्तच ठेवला होता मी त्या रात्री. खरं आहे."

मुलीने स्पीकरचं बटण फिरवून पाहिलं, पण पाऊस आणि शब्द एकाच टेपवर होते, काही उपयोग नव्हता. बाईंनी तिला थांबवलं. त्या मागे टेकल्या आणि ऐकत राहिल्या. नाटकातल्या मुलाला शेवटचं सांगून टेपमधला बाईंचा आवाज दाराकडे वळला. पाऊस चढला. ते एक वाक्य पावसात बुडणार असं वाटत असतानाच त्यातून वर आलं, स्वच्छ, शेवटच्या अक्षरापर्यंत.

खोलीच्या टोकाला बाईंनी उजवा हात वर केला. आणि तो वरच ठेवला.

काकांनी खिशातून खडू काढला. तो अजून त्यांच्या खिशात असे. टेबलावर, कॉम्प्युटरच्या कडेला, त्यांनी एक छोटी आडवी रेघ ओढली. मग मुलीला म्हणाले, बाईंना सांग, पोचलं. फोन ठेवला, खोलीतून फेरी मारली, खिडकी लावली आणि जिना उतरायला लागले.

"मेन पाडतोय," ते खालून म्हणाले, एकदाच, सभ्य आवाजात.

"अहो थांबा बाबा, माझी चप्पल," सून वरून म्हणाली, पण तोवर सगळा अंधार झालेला होता.